बंबाची वही

लाल कापडी पाठीची वही,
अजून तंबाखूचा वास मारते.
पहिली बारा पानं मोडीत,
मग बाळबोध, मधेच एक पान कन्नड,
मग पुन्हा बाळबोध, पण शाई बदललेली.
मोडीतलं मला वडील सांगायचे तेवढंच ठाऊक.

निपाणीत तेव्हा आग लागली की
आधी घंटा बडवत,
मग एकमेकांना विचारत, कुणाचं?
त्यावर घागरी ठरायच्या.

एका माघात तीन वखारी गेल्या.
गाव दोन दिवस शिंकत होतं,
देवळात पुजारी, शाळेत मास्तर,
मयताच्या दारात रडणारी माणसंसुद्धा.
तिसऱ्या दिवशी तवनाप्पा मगदुमांच्या ओट्यावर
नाकाला पंचे लावून सभा भरली.
वर्गणी : दर बोदामागे एक आणा.

बंब मिरजेकडून आला,
कुण्या जिनवाल्यानं टाकून दिलेला,
बैलगाडीत कडब्यावर निजवून.
पितळेचं पोट, दोन अंगांना दांडे,
इकडे चार गडी, तिकडे चार.
पोरांना वाटलं, कुणाच्या तरी लग्नातलं
आंघोळीचं पाणी तापवायला आणलाय.

दांडे एका ठेक्यात पडले नाहीत
तर पाणी नुसतं थुंकायचं.
इकडून काडाप्पा कन्नडात मोजायचा,
तिकडून दस्तगीर अत्तार मराठीत.
रात्रभर वाद घालून शेवटी वाटून घेतलं :
ओंदु, दोन, मूरु, चार.
आमच्या गल्लीत पोरी अजून जिबलीला असंच मोजतात
आणि पाचाला अडखळतात.
बंबाला पाच कधी लागलाच नव्हता.

नळी कातड्याची.
ढोर गल्लीतल्या सत्याप्पानं शिवली,
दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा.
सभासदांच्या यादीत तो नाही.
खर्चाच्या बाजूला आहे :
नळी शिवणावळ, दीड रुपया.

मग विडीच्या कारखान्याची रात्र.
वर पानांचे गठ्ठे पेटलेले,
खाली बायका पोरं काखेला मारून धावताना.
बंबाला पाणी पुरेना,
म्हणून देवळाच्या विहिरीपासून माणसांची रांग लागली
आणि काठावर उभा राहून बादली ओढणारा कोण
हे पहाटेपर्यंत कुणी विचारलं नाही.
गंगव्वाच्या केसांची बट जळाली, बाकी सगळे वाचले.

वहीत दुसऱ्या दिवसाच्या दोन ओळी :
विहीर शुद्ध करणे, भटजी व साहित्य, चार आणे.
त्याखाली, त्याच अक्षरात,
नळी दोन ठिकाणी उसवली. सत्याप्पास निरोप धाडणे.

मी चौदा वर्षांची होते. म्हटलं, आप्पा, हे पान फाडूया.
वडील शेवटचे कारभारी,
बंबाच्या खोलीची किल्ली जानव्याला बांधून फिरणारे.
चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, आग कुठून लागली
ते लिहून ठेवावं लागतं.
त्यांचे स्वतःचे आजोबा भटजी होते,
हे मला फार उशिरा कळलं.

सरकारी गाडी आली, लाल, कन्नड अक्षरांची.
वहीत शेवटची नोंद :
आज आगीस गेलो. आमच्या आधी पोचले होते. परत आलो.
खाली आठ सह्या आणि एक अंगठा.

बंब आता नगरपालिकेच्या मागच्या अंगणात.
खंडेनवमीला मी जाते, झेंडू घेऊन.
सत्याप्पाचा पणतू येतो, चिकोडीत वायरमन आहे,
बाटलीतून करडीचं तेल आणतो.
फारसं बोलत नाही आम्ही.
तो नळीला तेल चोळतो, वीतभर, वीतभर,
सुकलेलं कातडं करकरतं.
पाणी कुठून जायचं आता त्यातून,
मी एकदा म्हटलं.
तो म्हणाला, टाके बघा ताई,
एक सुटलेला नाही.