दीड टन

एसी बंद करा अब्बा, म्हणतो
आणि मी बंद करतो.

एकतीस वर्षं या शारजात माझं एकच काम,
बंद पडलेलं चालू करायचं.
गच्च्यांवर, सकाळी अकरालाच, पान्याला फडकं गुंडाळून,
कारण उघडा पाना हाताची साल काढतो.
आणि आता ऑगस्टच्या रात्री
स्वतःच्या बोटाने रिमोट दाबायचा.
त्याच्या माईकला कंप्रेसरची घरघर ऐकू येते म्हणे.
मला नाही येत.
माझी शांतता तशीच आहे, घरघरणारी.

तो कपाटात शिरतो.
आत जैबूनचे बुरखे, दोन दुलया,
गावी न्यायला म्हणून जमवलेली चार ब्लँकेटं
अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
त्यांच्यात आवाज मऊ होतो.
पंखा बंद, फ्रिजचा प्लग बाहेर,
आम्ही दोघं पलंगावर, घामसुद्धा जपून पुसणारी.

वरून विमान गेलं. पुन्हा पहिल्यापासून.
लिफ्टचं दार. पुन्हा.
इशाची अजान झाली तेव्हा आपणहून बाहेर आला,
उभ्यानेच बाटलीभर पाणी प्यायला.
बनियन पिळलं असतं तर पेला भरला असता.

नाव घेतलंय त्याने दीड टन.
घरी मुसद्दिक, तिथे दीड टन.
हे कसलं नाव रे, मी विचारलं.
म्हणाला, फोनवर दिवसभर हेच तर बोलायचात,
दीड टन आहे का, दीड टनाचा गॅस संपलाय.
मला वाटायचं आपलं आडनावच ते.

आडनाव मुकादम. पासपोर्टवर आहे.
गाव बाणकोटच्या खाडीकाठी.
तिथे तो जन्मात सहा वेळा गेला,
सहाही वेळा डासांनी फोडून काढला.

कपाटातून शब्द येतात,
पत्र्यावर कुणी हरभरे ओततंय तसे.
मराठी, मध्येच अरबी, एक मल्याळी शिवी
(तिचा अर्थ मी जैबूनला सांगितला नाही).
मग म्हणतो, माझं गाव,
आणि मी सरसावून बसतो.
आता खाडी येईल, तर येईल,
मशिदीमागचा रातांबा येईल.

येते सनैया नंबर चार.
टायरवाल्या पठाणाचा कडक चहा.
रोल्याचा चौक, ज्या वडावरून रोला नाव पडलं
तो आम्ही येण्याआधीच वाळून गेलेला,
ना मी पाहिला ना याने.
त्या न पाहिलेल्या झाडाला हा आपलं म्हणतो.

मला लागलं जरा. खोटं कशाला बोलू.

मग एक ओळ आली,
बाप गच्चीवर भाजतो, खाली शहराला हुडहुडी.
जैबूनने माझ्याकडे पाहिलं.
मी फ्रिजकडे पाहिलं.

मार्चमध्ये पंचवीस पूर्ण होतील,
माझ्या व्हिसावरून त्याचं नाव उतरेल.
पठाणाच्या भाच्याकडे बिलं फाडायची जागा आहे,
मी शब्द टाकून ठेवलाय.
त्याला मात्र दुबईतल्या कुठल्याशा गोदामात
चार मिनिटं मिळालीत, दहाव्या नंबरवर, बिनपैशाची.
त्या चार मिनिटांसाठी हे सगळं.
मागचं गाणं नऊशे चौदा वेळा ऐकलं गेलं,
त्यातले दोनेकशे वेळा तर मीच,
गिऱ्हाइकाच्या दारात व्हॅनची काच खाली करून.
कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलंय.
अजून कुणी विचारलं नाही.

बाहेर आला. लाल, वाफाळता.
कसं वाटलं?
मी म्हटलं, शेवटून तिसऱ्या ओळीत श्वास कमी पडतो,
कुठेतरी गळती आहे. पुन्हा भर.

क्षणभर तो तसाच उभा.
मग कपाटात जाऊन दार ओढून घेतलं.

रिमोट जैबूनच्या मांडीवर होता.
तिने मागचं झाकण सरकवलं,
दोन्ही सेल काढले
आणि उशीखाली ठेवले.