पझालुस्ता

विशाखा कझानले चालली डॉक्टरकी शिकाले.
दुकानात, पंक्चरच्या घमेल्यापाशी बसून
वही उघडते.
मी ट्यूब पाण्यात दाबतो,
थे बुडबुड्यांसंगं म्हणते,
ज्द्रास्त्वुइत्ये.
बाप्पा! नुसतं जयभीम म्हणाले
एवढ्या खडीवरून सायकल न्या लागते?

स्पासीबा म्हणजे आभारी आहे.
मले वाटलं, मानोऱ्याकडच्या
कोण्या म्हाताऱ्या बाईचं नाव.
आन पझालुस्ता?
"मागताना बी तेच, देताना बी तेच, बाबा."
हे मले पटलं.
एकच पाना, दोन्हीकडून लागते.

राती पोरीच्या मायनं
अंबाडीची भाजी वाढली.
बावीस वर्सांत पह्यल्यांदा
मी म्हटलं, स्पासीबा.
तिचा हात तसाच राह्यला,
पळीतून तेल ठिपकत.
"काऊन? खारट झाली काय?"

विशाखा हासत सुटली,
हासता हासता उठली, आंगणात गेली.
बऱ्याच येळ तिकडून
पाठ केल्यासारखा आवाज येत होता,
इज्विनीत्ये, इज्विनीत्ये.
त्याचा अर्थ माफ करा,
एवढं मले ठावं होतं.
कोणाले म्हणत होती,
ते मी इचारलं नाई.