मधली नऊ मिनिटं

रविवारी सकाळी पुरस्कारसोहळा पुन्हा दाखवतात.
नाव पुकारलं, तसा मी पोह्यांची बशी हातात धरूनच
निकाल दिला : चूक. साफ चूक.
त्या दुसरीला हवं होतं,
जिनं अख्ख्या सिनेमात एकदाही डोळे पुसले नाहीत.

बायको म्हणाली, जीरावन कमी पडलं का आज?

बोलायचा हक्क मला नाही तसा.
एकदा मीही परीक्षक होतो,
रामबागेत, लघुपटांच्या स्पर्धेत.
तिघांतला तिसरा. मी बँकेत, पण
'यांना सिनेमातलं कळतं' अशी माझी बोलवा होती,
आणि ती मीच उठवलेली.

चौदा फिल्म, एक पंखा.
मध्यंतरात कचोऱ्या आल्या, वर शिकंजी.
नववी सुरू झाली तेव्हा एक म्हातारा
भिंगातून घड्याळ उघडत होता.
मला जाग आली तेव्हा तो ते मिटत होता.
मधली नऊ मिनिटं माझ्याकडे नाहीत.

दहापैकी सहा दिले.
सहा फार सोयीचे. त्यात कुणी नापास होत नाही
आणि कुणी लक्षातही राहत नाही.

पहिला नंबर खान नदीवरच्या फिल्मला गेला.
मागे व्हायोलिन, पाण्यावर पणती.
नदीला हरवणं आम्हा तिघांनाही
पाप वाटलं असावं.

मग परवा, साखर तपासायला गेलो
स्नेहनगरच्या लॅबमध्ये,
तर सुई हातात घेतलेली बाई फॉर्मवरचं नाव वाचून थांबली.
'परीक्षक होतात ना तुम्ही? मी केतकी टकलकर.
नवव्या नंबरची.'

फार छान होती तुमची फिल्म, मी म्हणालो.

'मूठ आवळा,' ती म्हणाली.
'मी प्रोजेक्टरपाशी उभी होते, काका.
तुमची मान दिसत होती.'

रक्त नळीत चढत होतं, अगदी सावकाश.
कुठे बघावं, कळेना.
भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर गणपती. त्याच्याकडे बघितलं.

'तशी ती काही खास नव्हती हो,
शेवट फसलाच होता. सोडा मूठ.'

हे खरं, की माझी कीव?
विचारलं, कॅसेट आहे का अजून?
बुरशी लागली, म्हणाली, टाकली,
आणि कापसाचा बोळा माझ्याच हातात दिला,
दाबून धरा.

टीव्हीवर ती बाई अजून आभार मानतेय,
आई, दिग्दर्शक, मेकअपवाला कुणी बब्बनभाई.
रडतेय. खरं रडतेय का, मला सांगता येत नाही.
बायको विचारते,
हिचा तो सिनेमा पाहिलात कधी?

पोहे गार झालेत.
नाही, मी म्हणतो. अजून पाहिला नाही.