पुडी बांधायची रीत

आधी अक्षरं जातात.
लेबलावरच्या नावाचा मधला तुकडा गळतो,
थॉर्नटनबाईंच्या नुसत्या टनबाई होतात.
मग त्या भोकाच्या कडेनं
करवतीचे दाते लकाकायला लागतात
आणि मला कळतं, हातात वीस मिनिटं आहेत.
त्यानंतर डावा डोळा, डावी भुवई, डावं कानशील,
आत कुणी पाट्याला टाकी लावत बसल्यासारखं.

मी न्यूकासलमधली फार्मासिस्ट.
बिल्ल्यावर मॅंडी, कारण मंदाकिनी मावत नाही.
दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांसाठी
चंदेरी पानांतल्या गोळ्या मोजते.
माझ्या डोक्यानं त्याच गोळ्यांना
दोन वर्षांपूर्वी दाद देणं सोडलं.
डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का?
म्हटलं, छे.

पिशवी तेव्हा माझ्या मांडीवरच होती.

स्टोवेल स्ट्रीटला, भाजलेली बदकं टांगलेल्या खिडकीशेजारून
एक जिना खाली उतरतो.
शनिवारी मॅच असली की काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे सदरे
रस्ताभर ओरडत जातात.
खाली याउबाई दार लोटून घेतात, एवढंच.
भिंतभर खण, पितळी कड्या.
बाई आधी जीभ बघतात.
इतक्या वर्षांत या देशात
मला कुणी जीभ दाखव म्हणालं नव्हतं.
मग तीन बोटं मनगटावर, आधी डाव्या, मग उजव्या,
बंद दाराला कान लावून
आतलं भांडण ऐकत असल्यासारखी.
"वारा," म्हणतात. "डोक्यात वारा शिरलाय."
मला हसू येतं.
आमच्याकडे वारं शिरलेला उधळतो,
अंधाऱ्या खोलीत फडकं बांधून पडत नाही.

शेवंतीची सुकी फुलं. ज्येष्ठमध, हा ओळखीचा.
एक मूळ, आडवं कापलं की फुलपाखरू दिसतं,
त्याचं नाव मी तीनदा विचारून तीनदा विसरले.
पान नसलेल्या, बुरशीच्या जिवावर जगणाऱ्या
कुठल्याशा झाडाचा कंद, शिंगाच्या कापांसारखा.
सगळं गुलाबी कागदावर.
एक कोन, त्यावर दुसरा,
उरलेली जीभ आत खोचलेली.

बार्शीला माझे वडील कंपाउंडर होते.
पुडी झाली की उलटी करून झटकायचे.
कण सांडला तर म्हणायचे, ही पुडी नव्हे, थट्टा.
चार वर्षं शिकून पदवी घेतली मी,
एकही पुडी बांधली नाही.

चार वाट्यांची एक वाटी होईस्तोवर उकळायचं.
चव गंजक्या खिळ्याची,
शेवटी उगाचच थोडी गोड.
शेजारच्या ब्रेंडननं दार ठोठावून विचारलं,
आत काही मेलंय का.

उतार पडला का, ते विचारू नका.
मार्चमध्ये तीनदा आलं, एप्रिलमध्ये दोनदा.
माझ्यातली फार्मासिस्ट म्हणते,
एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.
तिचं खरंच आहे.
पण काढा उकळतो तो पाऊण तास
मी दिवा लावत नाही, फोन बघत नाही,
भांड्याचं झाकण हलतं तेवढं ऐकते.

परवा गुरुवारी काउंटरपुढे याउबाई.
आभाळ घोंगडीसारखं, आणि बाईंना काळा चष्मा.
चिठ्ठीवर त्याच गोळ्या, चंदेरी पानातल्या.
नियमानं विचारावं लागतं, विचारलं,
"आणखी काही घेता? काढे, मुळ्या?"
"छे," बाई म्हणाल्या.
चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.
"कुठली बाजू?"
"उजवी."
म्हणजे दोघींचं मिळून एक डोकं भरतं.

कागदी पिशवी मी चिकटवली नाही.
एक कोन, त्यावर दुसरा, जीभ आत.
रांगेतल्यांदेखत उलटी करून झटकली.
याउबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून
नीट पाहिलं, डोळा मिचमिचत होता,
म्हणाल्या,
"कोपरा ढिला आहे."