पाऊणपट

कुडाळच्या डॉक्टर प्रभुखानोलकर बाईंनी
कागद माझ्याकडे सरकवला
आणि उठून पंखा बंद केला, न विचारता.
त्याच्या खरखरीत मी अर्धी अडकलेय
हे आजवर कुणाला कळलं नव्हतं.

कागदावर ऑटिझम. खाली मराठीत : स्वमग्न.
म्हटलं, बाई, हा शब्द चुकलाय.
चव्वेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांतच मग्न होते.
कोण कधी हसतं, किती वेळ हसतं,
हसून झाल्यावर ओठ कुठे ठेवतं.

येताना वेंगुर्ल्याच्या एसटीत
तिकिटाच्या मागे हिशोब मांडला.
हसणं : काजूच्या कारखान्यातल्या रेश्मा परबचं.
"बरां मां?" विचारताना मान कलती करणं :
पोस्टातल्या आरोंदेकर बाईंचं.
लग्नघरात शिरतानाचं "अगो बाय, केदी वाढलंस!" :
काकीचं, तिच्या आवाजासकट.
मठ गेलं. तिकीट भरलं.
माझ्या नावासमोर काय लिहू?
बोटं तेवढी माझी असावीत,
डोळे मिटूनही दोनशेचाळीसचा गर
तीनशेवीसातून वेगळा काढणारी.
बाकी ज्याचं त्याला परत करायचं झालं
तर स्टँडवर उतरणार कोण?

आई बांगडे साफ करत होती.
"औषद दिल्यान?"
"नाय."
"मगे पैशे कसले घेतल्यान?"
आणि एक डोकं उडवलं.

रात्री ट्रंकेतून वही काढली,
वाळवीनं कोपरा खाल्लेली.
नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी रीत सांगितली :
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
मी दोन वर्षं नवाबागेच्या धक्क्यावर
खिळ्यानं रेघा मारून रोज टिपलं.
तापातसुद्धा. सहल बुडवून.
आणि रोज पाणी रीतीच्या आधीच येऊन उभं.
शेवटच्या रकान्यात मी लिहायचे : चूक. चूक. चूक.
एका दुपारी रडतच गेले, बाबा, पाणी चुकतंय.
ते जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले,
"पाणी चुकणा नाय गो.
रीत मुंबयच्या बंदराची."

(मान वर न करता.
त्यांनीही कधी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.
सगळे म्हणायचे, तांडेल भारी शिष्ट.
हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय,
आणि सांगायला ते नाहीत.)

आज नवमी. रीतीनं पावणेसात.
मी साडेपाचलाच गेले.
रापण ओढत होते. दोराला लागलेली माणसं
मागे, पुढे, मागे, पुढे.
लहानपणी गावात मला हीच एक जागा सोसायची.
इथे सगळेच डुलतात,
"हेमा, नीट उभी रव" असं कुणी म्हणत नाही.
दोर धरला की माझं डुलणं काम दिसायचं.

आज दोर धरला नाही.
जरा लांब, ओल्या वाळूत
चपला टाचेला टाच लावून ठेवल्या
आणि डुलले.
एक पोरगा बघत राहिला.
रेश्माचं हसू ओठांपर्यंत आलं, सवयीनं,
आणि तिथेच थांबलं.
मग तोंडाचं काय करायचं ते सुचेना,
म्हणून तसंच राहू दिलं.
वाऱ्याला चालत होतं.

पाणी होड्यांना लागलं तेव्हा घड्याळ पाहिलं.
वहीत लिहिलं : नवमी. पाच पंचावन्न.
शेवटचा रकाना सोडून दिला.

अकरा पानं उरलीत.
बाजारातून नवी वही आणायला हवी,
दोनशे पानी, एकेरी रेघांची.