विटकरीचा तुकडा

एकूणचाळीस.
हा मपला नंबर होता बोर्डिंगात.
पत्र्याच्या पेटीवर, जर्मनच्या ताटलीवर,
चड्डीच्या आतल्या पट्टीवर लाल दोऱ्यानं.
माझ्याआधी तो दुशिंगांच्या योनासचा होता,
त्याच्याआधी कुणाचा
ते रजिस्टरातून वाळवीनं खाल्लं.

शिवनेच्या अलीकडं, खडकाळ गायरानात
निजामाच्या अमलात आला फादर बुशे.
गावानं त्याचा बुचे केला, मग बुचेबाबा.
परवानगीचा कागद उर्दूत,
मिस्सा लॅटिनात,
शिव्या मात्र अस्सल आमच्या.
पहिली पोरं सात. गोठ्यात निजायची, बैलांच्या उबेला.
नाताळात त्यानं गव्हाणीचा देखावा मांडलाच नाही म्हणे,
‘कामून मांडू? रोजच तर निजतो तिच्यात.’

हे सारं ऐकीव.
सिल्वानस मास्तर सांगायचे जपमाळेनंतर,
कंदील बारीक करून.
सात पोरं कधी नऊ व्हायची, कधी पाच.
बैल मात्र दोनच राहायचे.

मी पाहिलं ते सांगतो.
पवित्र आठवड्यातला बुधवार.
फळ्यावर बारा नावं लागली, त्यात माझं.
उद्या फादर पाय धुणार,
वेदीपुढं, सगळ्यांसमक्ष.

ज्या गावात आई आडापासून हातभर लांब
रिकामी घागर घेऊन उभी राहायची,
वरून कुणी ओतेल तेव्हा ओतेल,
त्या गावचे हे पाय.
भेगांत काळी माती,
टाचेत बाभळीचा जुना काटा, आतच मुरलेला.

दुपारभर आम्ही बाराही जण हौदावर.
विटकरीचा एकच तुकडा,
ह्याच्याकडून त्याच्याकडं.
घासलं, घासलं,
माती गेली, कातडी गेली,
बार्नबसच्या घोट्याला रक्त आलं
तरी तो म्हणे, अजून थोडं काळं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी फादर लोबो गुडघ्यावर आले.
माझी टाच हातात धरून थांबले.
हळूच म्हणाले,
‘अरे, मग मी काय धुवू?’
शेजारी बार्नबस खुदकन हसला.
ईस्टरपर्यंत त्यानं सगळ्यांची भांडी घासली.
मी हसलो नाही.
माझ्या टाचेखाली एका मोठ्या माणसाचा तळहात होता
आणि तो कुठं ठेवावा तसा पाय
मला ठेवता येत नव्हता.

त्र्याहत्तरला विहिरीचा तळ दिसला.
लाल मिलोची भाकर, सुकडी,
आंघोळ रविवारची, तीही ओल्या फडक्यानं.
त्या वर्षी बारा जणांत मिळून एक तांब्या.
तेच पाणी पहिल्यापासून बाराव्यापर्यंत,
शेवटी परातीत चहासारखं.
फादर परात उचलून दाराबाहेर निघाले,
आम्ही मागं, गीत अर्धंच सोडून.
कडुलिंबाचं रोप होतं गुडघ्याएवढं, मरायला टेकलेलं.
त्याच्या बुडाशी ओतलं.

कुठल्या ग्रंथात नाही ही रीत.
पण पुढं फादर बदलले, पाणी आलं, नळ आले,
आणि परात दर वर्षी तिथंच रिकामी होते.
लिंबाची फांदी आता
वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत येते.
पोरं तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

यंदा पोरं नऊच.
गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस येते,
कोण कशाला पत्र्याची पेटी रंगवील?
नवा फादर मगरे, कन्नडकडचा, माझ्या नातवाच्या वयाचा.
फोनवर म्हणाला,
‘काका, बाराला तीन कमी पडतात. याल का?’

तेहतीस वर्षं कंडक्टर होतो एस.टी.त.
उभ्यानंच गेलं आयुष्य.
आता साखरेनं अंगठा बधिर,
डॉक्टर म्हणतात, पायाला जपा, खरचटूसुद्धा देऊ नका.

काल संध्याकाळी न्हाणीबाहेरून सून म्हणाली,
‘मामंजी, एवढा वेळ काय करताय आत?’
काही नाही म्हणालो.
हातातली विटकर
बादलीमागं सरकवली.