जमा पावती

आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो.
"मॅडम, हत्यार जमा करायचंय."

हत्यार म्हणतात तिला.
आमच्याकडे ती नुसती बंदूक होती,
दाराआडच्या खुंटीवर, छत्रीशेजारी,
आणि पावसाळ्यात पुष्कळदा छत्रीच्या खाली.

आण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नोटांच्या खात्यात.
सुटताना रोज झडती.
डबा उघडा, बूट काढा, हात वर.
आणि शनिवारी संध्याकाळी तोच माणूस
सायकलच्या दांडीला दुनळी बांधून
जेलरोडनं निघायचा बसस्टँडकडे,
हटकलंच कोणी तर एवढंच,
"काय आण्णा, तित्तर का बदक?"

निफाडच्या एसटीत कंडक्टर विचारी,
हिचं हाफ काढू का?
खिडकीची जागा तिला.
मी मांडीवर.

भद्रकालीत सैफुद्दीनभाईंच्या दुकानात
बिजागऱ्या, खिळे, चुका यांच्या फळीवरच काडतुसं.
चार नंबर बदकाला, सहा नंबर तित्तराला.
उधारीच्या वहीत सगळं एका ओळीत:
दोन डझन काडतूस, एक कडी, पावशेर सरस.

मग नांदूरमधमेश्वर, पहाटेचं,
धुकं इतकं की स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटावा.
चापडगावचा पुंजा बर्डे पुढे, कमरेएवढ्या पाण्यात,
मागं न बघता म्हणायचा,
"पोरी, आवाज करू नको."
मी शिंक गिळायला तिथं शिकले.

आण्णा कानाशी पुटपुटत,
पाखरावर धरायचं नाही.
ते जिथं जाणारे, तिथं.
वीतभर पुढं.

आवाज आधी छातीत, मग कानात,
मग पाण्यावरून पलीकडच्या उसापर्यंत.
गरम टोपणं माझी.
लाल कागदी नळी, पितळी बूड,
दहा बोटांत दहा घालून
मी राणीसारखी चिखलातून चालायचे.
त्यात फुंकर मारली की शीळ वाजे.
दारूचा तो वास मला अजून
दिवाळीत मिळत नाही.

रात्री रस्सा.
शेजारच्या गर्ग्यांचा मोहन
मागच्या दारानं वाटी घेऊन.
दाताखाली छर्रा आला की ताटाच्या कडेला, टिण्ण.
ज्याचे जास्त, त्याला भांडी माफ.

एकदा मी पिशवी उघडली
आणि आतलं एक अजून बघत होतं.
आण्णा ते घेऊन मोरीमागे गेले.
आले, हात धुतले, पुन्हा धुतले.
त्या रात्री कोणाच्याच ताटात काही वाजलं नाही.
पुढच्या शनिवारी मात्र सायकल निघाली.
हेही सांगायला हवं.

बहात्तरला दुष्काळ आला, मागोमाग कायदा.
पाऊस पुढच्या वर्षी परत आला.
आण्णांनी वाद घातला नाही.
"बरंच झालं," म्हणाले एकदा,
आणि नळीतून फडकं ओढत राहिले.
दर रविवारी. सत्तावीस वर्षं.

ते गेल्यावर वारस म्हणून माझ्या नावावर:
एक गॅसची शेगडी, पीएफचे थोडे,
एक बारा बोअर.

ठाण्यात नवा पोरगा. त्याला ती उघडेना.
मी अंगठ्यानं कळ सारली, खट्.
"मॅडम, तुम्ही चालवता?"
कधीच नाही, म्हटलं.
तो नंबर उतरवून घेतो, मनगटाला बांधतात तशी
चिठ्ठी बांधतो घोड्याजवळ,
पावती देतो.
पाच वर्षांत चार वेळा देतो.

परवा पावती पर्समध्ये ठेवून
तशीच नांदूरला गेले. एसटीनं, फुल तिकीट.
आता मनोरा आहे, पाट्या आहेत,
पुंजाचा नातू आहे, वनखात्याचा टीशर्ट घातलेला.
बोलायला गेले, तर मागं न बघता म्हणाला,
"ताई, आवाज करू नका."

दुर्बीण दिली त्यानं.
थापट्यांचा थवा उठला, हजारेक असतील,
आण्णांनी कधी एवढे पाहिले नाहीत.
"दिसला का? तो नर, हिरव्या डोक्याचा?"
हो म्हटलं.

खरं म्हणजे नव्हता दिसत.
मी बघत होते
त्याच्या वीतभर पुढं.